कमरेएवढ्या पाण्यातले काका

मदत केली ती चौकच्या काकांनी. हे आधीच लिहून टाकते, कारण गोष्ट सांगायला लागले की माझं मीच जास्त येईल आणि त्यांचं राहून जाईल. माझ्या आईनं माझी लेक सांभाळली, रांचीकडच्या चार बायकांनी माझ्या चुकीसाठी आपली कंबर मोडून घेतली, बोटीवरच्या बंगाली दादानं मला पोहायला शिकवलं. ही सगळी मदतच. पण सगळ्यांच्या आधी काका. त्यांचं नाव लिहीत नाही. "माजं नाव कुटं छापून आलं ना, तर गॅस-कटर घेऊन येईन," असं ते म्हणालेत, आणि ते खरंच येतील.

माझी शाळा आठवीत सुटली. त्यामुळे हे लेकीनं तपासलंय. तिनं ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं आणि म्हणाली, "आई, काकांचं बोलणं मी सुधारणार नाही." बरोबर आहे. ते सुधारण्यातले नाहीतच.

जुन्या मुंबई-पुणे हायवेला चौक नावाच्या गावात त्यांचा वेल्डिंगचा गाळा आहे. पण मध्ये अकरा वर्षं तो त्यांच्या भावानं चालवला आणि काका अंदमानातल्या एका बेटावर होते. बेटावर एक रिसॉर्ट आहे, त्याच्या दुरुस्ती खात्याचे ते मुख्य. पंप, जनरेटर, समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन, सांडपाण्याचा प्लांट, सगळं त्यांच्याकडे. आणि कुणी सांगितलेलं नसताना समुद्रही त्यांनी स्वतःकडेच घेतला होता.

अकरा वर्षं समुद्रात उभं राहून काम केलेल्या या माणसाला पोहता येत नव्हतं. कमरेच्या वर पाणी आलं की ते मागे फिरायचे. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा छातीला टेंपोच्या चाकाची ट्यूब अडकवलेली. हातात तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा. डब्याचा तळ कापून तिथं काच बसवलेली, कडेनं एम-सील. तो डबा पाण्यावर टेकवायचा, वरून आत डोकं घालायचं आणि खालचं बघायचं. प्रवाळ, मासे, गवत, सगळं त्यांनी त्या डब्यातून पाहिलं.

कोणी विचारलं, की काका, पोहायला का शिकत नाही? तर म्हणायचे, "मी लोखंडातला मानूस. लोखंड बुडतं."

पाहुणे व्हरांड्यातून त्यांचे फोटो काढायचे. एक बाई एकदा ओरडून म्हणाल्या, "अंकल, उधर शार्क है क्या?" काकांनी डब्यातून डोकं न काढताच सांगितलं, "है ना मॅडम. ऑफिस में बैठता है." शेजारून मॅनेजर चालले होते.

पण पाण्याखाली जाता येत नाही याची त्यांना आतून चुटपुट होती, हे मला फार पुढे कळलं. समुद्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम रिसॉर्टवर होत्या, तरुण, तोंडावर काच लावून तासन्‌तास खाली जाणाऱ्या. त्या पाण्याबाहेर आल्या की काकांचा एकच प्रश्न, "खालनं वर बघितलं तर गवत कसं दिसतं हो?"

मॅडम केस पिळत म्हणायच्या, "हिरवं दिसतं, काका."

"हिरवं वरनंबी दिसतंय. खालनं कसं?"

"म्हणजे, सुंदर दिसतं."

काका डबा उचलून चालू लागायचे. "शिकल्याली मानसं हायेत, पन सांगता येत नाय," असं माझ्याजवळ पुटपुटायचे.

त्यांनी बेटावर आपला तालुका वसवला होता. जेट्टीला ते ठाकुरवाडी म्हणायचे. "घाटात गाडी थांबते, कुनी उतरत नाय, कुनी चढत नाय, तरी थांबतेच. तशी ही बोट." प्रवाळाच्या रांगेपलीकडे मोठ्या लाटा फुटतात तो घाट. सामानाचं कोठार म्हणजे चौक. आणि सांडपाण्याचा प्लांट म्हणजे खालापूर. का, तर "तालुक्यातल्या सगळ्यांचे कागद शेवटी खालापूरलाच जातात, तसं हितल्या सगळ्यांचं पानी शेवटी हितंच येतं."

ही नावं इतकी रुळली की तमिळ आचारी आणि बंगाली माळीही तसंच बोलायचे. एकदा जेवणाच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी वॉकी-टॉकीवर मोठ्यानं आवाज आला, "खालापूर में पानी भर गया!" आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे मुंबईचे एक पाहुणे ताडकन उठले. खोपोलीच्या अलीकडे त्यांचं फार्महाऊस होतं. त्यांना शांत करायला मलाच पुढे जावं लागलं, कारण त्या गावाचं खरं ठिकाण माहीत असलेली हॉलमध्ये दुसरी मीच.

माझं गाव खालापूरपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. भाताची चार खाचरं आणि उन्हाळ्यात कोरडी पडणारी विहीर. नवरा होता, आता नाही, त्यावर इथं लिहायचं नाही. कर्जतकडे एका सुट्टीच्या रिसॉर्टवर मी चादरी धुवायचे. एप्रिलात तिथं पाण्याची बोंब. एक दिवस पंप जळाला आणि मालकाच्या ओळखीनं एक गृहस्थ दुरुस्तीला आले. काका रजेवर घरी आले होते. पंप राहिला बाजूला, ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"काय गं बाय, ह्या टबातलं पानी त्या टबात का वतलंस?"

"शेवटचं खंगाळल्यालं पानी साफ असतं. फुडच्या चादरींना पयलं म्हनून चालतं."

"कुनी शिकवलं?"

"टँकरनं," मी म्हणाले. मला राग आला होता, कारण टँकर त्या दिवशीही आला नव्हता.

ते इतके हसले की पान्हा हातातून पडला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "समुद्र बघितलायस?"

"अलिबागला. लग्नाआधी. एकदा."

"पोहता येतं?"

"नाय."

"मलाबी नाय. चल."

असं कुणी कुणाला 'चल' म्हणतं का? पण त्यांनी खरंच शब्द टाकला, कागद करवले, दिवाळीनंतर मी निघाले. लेक तेव्हा नववीत. मी आईच्या गळ्यात पडून म्हणाले, की मला नाय जायचं. आई म्हणाली, "हितं ऱ्हाऊन तरी काय करनार हायस? लोकांच्या चादरीच ना? तितं धू. पोरगी माज्याजवळ हाय." मी शाळा आठवीत सोडली, तिची दहावी व्हायलाच हवी, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी ही नोकरी टिकायला हवी होती.

दोन विमानं आणि एक बोट. बेटावर उतरल्यापासून मला सारखं वाटायचं की परत पाठवतील. खाटेखाली बॅग भरलेलीच ठेवायचे, वापरायचे कपडे तेवढे वर. काकांनी ती बॅग एकदा पाहिली आणि विचारलं, "कुटं निगालीस?"

"कुटं नाय. असावी म्हनून."

"ट्यूब घे माझी एक," ते म्हणाले. "तुलाबी बुडायचं भ्याव हाय, फकस्त पानी येगळं."

लॉन्ड्रीत मी कर्जतची तीन टबांची रीत चालू केली. बेटावर गोड्या पाण्याचा थेंबन्‌थेंब मशीननं समुद्रातून काढायचा, त्यामुळे काका रोज संध्याकाळी येऊन पाण्याचा मीटर बघायचे आणि खूश व्हायचे. साबणही त्यांनी बदलून घेतला होता, फेस न होणारा. सुरुवातीला मला त्यानं धुतल्यासारखंच वाटेना. काका म्हणाले, "फेस तुज्या समाधानाला असतो. चादरीला लागत नाय. ते पानी समुद्रात गेलं की शेवाळ माजतं, शेवाळ माजलं की पवळं गुदमरतं." खालापूरमधून स्वच्छ होऊन निघालेलं पाणी पाहुण्यांना दाखवायचं असलं, की ते नळाखाली ओंजळ धरून सरळ तोंडावर मारायचे. पाहुणे दोन पावलं मागे सरायचे. काका पंच्यानं तोंड पुसत म्हणायचे, "आप लोगों का ही है."

आता माझी चूक.

तीन महिने झाले होते. काका पुतणीच्या लग्नाला चौकला गेले होते, मॅडम चेन्नईला परीक्षेला. लॉन्ड्रीचं मोठं मशीन बंद पडलं, पार्ट बोटीनं यायचा होता. मॅनेजर नवे होते, महिन्यापूर्वीच आलेले. ते मला म्हणाले, परवा ट्रॅव्हल कंपनीचे लोक येणार आहेत, पूर्वेचा किनारा साफ करून टाक. आणि जाता जाता म्हणाले, "वो हरा-हरा भी निकाल देना, पाँव में लगता है."

पूर्वेचा किनारा पाहुण्यांचा. आम्ही कामगार तिकडे फिरकत नव्हतो. काका आणि मॅडम बोलायचे ते गवत खोल पाण्यात असतं, असं मला वाटायचं. पहाटेची ओहोटी होती, पाणी दूर गेलेलं, आणि ओल्या वाळूत हिरवंगार गवत पसरलेलं. बारीक पानांचं. मी एक काडी उपटून पाहिली. पांढरी मुळी दोऱ्यासारखी वाळूतून पुढे पळते आणि गाठीगाठीला फुटते, अगदी आमच्या हरळीसारखी. भाताच्या खाचरात असलं काही दिसलं की आमच्याकडच्या बाईचा हात आपोआप जातो. आणि गावात बेणणी माझ्याइतकी चोख कुणाची नव्हती. इतर बाया पात ओढतात, मी गाठ काढते. एक गाठ राहिली की आठ दिवसांत पुन्हा उभं.

दोन सकाळी मी गुडघ्यांवर सरकत राहिले. दोन खाचरांएवढी जागा असेल. एक गाठ ठेवली नाही. काढलेलं गवत पोत्यांत भरलं. उन्हात टाकलं तर कुजून वास मारेल आणि पाहुणे ओरडतील, म्हणून पोती तोंड बांधून खडकातल्या खळग्यात, खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवली. कचऱ्याची गाडी आली की द्यायची.

मॅनेजर येऊन म्हणाले, "एकदम चाँदी!" फोटो काढला. मला वाटलं, झालं, आता मला कोणी परत पाठवत नाही. त्या दुपारी मी बॅगेतून दोन साड्या काढून खुंटीला लावल्या.

त्याच दुपारच्या बोटीनं काका आले. आईनं दिलेले पोह्याचे पापड माझ्या हातात दिले, आणि जेवायच्या आधीच ट्यूब नि डबा घेऊन पूर्वेला निघाले. मी मागोमाग. आपलं काम दाखवायला.

पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. त्यांनी डबा टेकवला, वाकले. दोन पावलं सरकले, परत वाकले. मग सरळ होऊन डबा उलटा केला आणि शर्टाच्या टोकानं काच पुसली. त्यांना वाटलं, काचच खराब झाली. पुसून परत पाहिलं. परत पुसली.

"बाय, हितलं गवात?"

"मी काडलं, काका. मुळासकट." अजून माझ्या आवाजात ऐट होती.

ते पाण्यातच खाली बसले. ट्यूब गळ्यापर्यंत वर आली. पहिल्यांदा त्यांच्या छातीच्या वर पाणी गेलेलं मी पाहिलं, आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. नवी जेट्टी बांधताना बार्जनं त्या बाजूचं गवत उखडलं होतं. सरकारनं जेट्टीला परवानगी देताना अट घातली, की गेलं तेवढं गवत पुन्हा लावा. मॅडमनी आणि काकांनी दोन वर्षं एकेक काडी बांबूच्या खुंटीला बांधून ते लावलं होतं. खुंट्या केव्हाच कुजून गेल्या होत्या, आणि खुणेच्या काठ्या आदल्या आठवड्याच्या वाऱ्यात वाहून गेल्या होत्या. मासळीची पिल्लं त्यात वाढतात, कासवं चरतात, आणि समुद्रगाय म्हणून एक असते, ती फक्त हेच खाते. काकांनी ती कधी पाहिली नव्हती. पण रोज किनाऱ्यावर येऊन म्हणायचे, "गाय येनार हाय, बघशील." पावसाळा संपला की अधिकारी गवत बघायला येणार होते.

मला गवत दिसत नव्हतं, बॅग दिसत होती.

"फेकलंस कुटं?" काकांनी विचारलं.

"फेकलं नाय. पोत्यात हाय. खळग्यात बुडवून ठेवलंय."

"खाऱ्या पान्यात?"

"व्हय."

त्यांनी डोळे मिटले. "मग वाचलीस. भाताचं आवन लावनीला उपटून ठेवल्यागत ठेवलंयस की गं. लाव मग. तुलाच येतंय."

मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, उपटून किती तास झाले. मग त्या म्हणाल्या, खुंट्यांना वेळ नाही, पण नुसतं रोवलं तर लाट उपटून नेईल. काका मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, ही बाय भात लावते. तिच्या चुडाला लाट नाय काय करनार." खरं तर आमच्या खाचरांत लाट कधी आलेली नाही, पण ते मी बोलले नाही.

भातात एका जागी एकच रोप लावत नाहीत, तीन-चार मिळून एक चूड. अंगठ्यानं भोक, चूड आत, बाजूनं चिखल दाबायचा. मी तसंच करायचं ठरवलं. पण दोन खाचरं एकटीनं कशी? तेव्हा रूमच्या साफसफाईतल्या चार बायका स्वतःहून आल्या. मूळच्या रांचीकडच्या, आजी-आजोबांच्या वेळी इथं आलेल्या घरांतल्या. त्यांच्याही घरी भातच. त्यातली सगळ्यात मोठी पोत्यातली मूठ हातात घेऊन हसली, "अरे, ये तो रोपा है!" पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. भात लावणाऱ्या बाया कुठल्याही मुलखात सारख्याच वाकतात. संध्याकाळची ओहोटी आणि पुढच्या चार पहाटा आम्ही मागे मागे सरकत लावत गेलो. काका छातीला ट्यूब लावून आमच्या मागे, डब्यातून एकेक चूड बघत. "ह्यो उचलला. ह्यो वाकडा. ह्यो कुनी लावला, झोपेत होतीस काय गं?"

मधल्या दिवशी मॅनेजरनी ऑफिसात बोलावलं. अट त्यांना कुणीतरी वाचून दाखवली होती. ते म्हणाले, "मैंने कचरा बोला था, घास नहीं. शुक्रवार की बोट से जाओ."

काका शेजारी ट्यूबसकट उभे, पाणी फरशीवर गळत होतं.

"साहब, मैंने बोला था उसको," काका म्हणाले. "घास घना हुआ था. निकाल के फिर से लगाने का था."

"आप तो गाँव में थे."

"फोन पे बोला."

मॅनेजरना ते खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि ते तसं लिहून सही करून द्यायला काका तयार आहेत हेही दिसत होतं. त्यांनी कागद पुढे सरकवला. काकांनी सही केली. कागद ओला झाला. मी तिथंच उभी होते आणि गप्प राहिले. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लेकीनं विचारलं, हे ठेवायचं का? ठेवायचं.

पावसाळ्यानंतर अधिकारी आले. बरंच गवत जगलं होतं, बरंच गेलंही होतं. मॅडमनी आपल्या वहीत लिहून ठेवलं, की चुडानं लावलेलं जास्त टिकलं. पण अटीपेक्षा गवत कमी भरलं आणि रिसॉर्टला उत्तर द्यावं लागलं. उत्तरात एक नाव लागतं. सहीचा कागद तयारच होता. काकांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

जाण्याच्या दिवशी ठाकुरवाडीवर सगळे जमले, आचारी, माळी, रांचीच्या बायका. मी काकांना बाजूला घेतलं. "काका, मी साहेबांना खरं सांगते. आत्ताच जाते."

"गप बस," ते म्हणाले. "तुजी पोरगी धावीला हाय. माजा चौकात गाळा हाय. कुनी कुटं ऱ्हायाचं, ते त्यावरनं ठरतंय." मग डबा माझ्या हातात दिला. "काच दर दोन महिन्यांनी काढून परत बसव. एम-सील कुजतं." ट्यूब मात्र गळ्यात अडकवूनच बोटीत चढले. बोट लांब गेली तरी ती काळी ट्यूब दिसत होती.

लेकीनं दहावी केली. निकाल कळला त्याच दिवशी मी ऑफिसात गेले आणि मॅनेजरना सगळं खरं सांगितलं. ते संगणकावरून मान न उचलता म्हणाले, "मालूम था." काकांना परत बोलवा म्हणून अर्ज लिहिला, मॅडमनी त्यावर चांगल्या दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं, वय जास्त आहे. मग मी ठरवलं की दुसरा रस्ता काढायचा.

आता पूर्वेच्या गवताचं काम माझ्याकडे आहे. मॅनेजरनीच दिलं, मॅडमच्या सांगण्यावरून. पाहुण्यांना मी स्वतः सांगते, की पायाला लागतं ते लागू द्या. अजून कुणी तक्रार केली नाही, उलट डब्यातून बघायला रांग लागते. खाटेखाली बॅग आहे, पण रिकामी. बंगाली दादानं पोहायला शिकवलं. तो म्हणाला, "दीदी, तुम पानी से नहीं, पानी के बाहर डरती हो." त्याला कसं कळलं कोण जाणे.

यंदा एका पहाटे ओहोटीला मी किनाऱ्यावर गेले, तर गवतात एक लांब चर. हातभर रुंद, उखळलेला, गवत मुळासकट गेलेलं. वाटलं, कुणीतरी माझ्यासारखं आलं की काय! पण माणसाचा पाय कुठं उमटलेला नाही. चर नांगराच्या तासासारखा लावलेल्या गवतातून आत गेला होता आणि खोल पाण्यात नाहीसा झाला होता. मॅडम धावत आल्या, बघून वाळूतच बसल्या. "गाय," एवढंच म्हणाल्या. मी काकांना फोटो पाठवला. तासाभरानं त्यांनी फोनवर आवाज भरून पाठवला. आधी बराच वेळ नुसता वेल्डिंगचा चरचर आवाज. मग, "तास सरळ नाय मारलं तिनं."

मागच्या रजेत मी चौकला गेले. गाळ्याच्या पुढे काकांनी जमिनीत तीन टाक्या पुरल्यात. शेजारच्या गॅरेजचं तेलाचं पाणी एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि मगच गटारात. भाऊ वैतागलेला. "लोक हसतात, ताई. म्हनतात, ह्याला बेटाची बाधा झालीय."

काका म्हणाले, "हसू दे. हे पानी पाताळगंगेला जातं, पाताळगंगा धरमतरला, धरमतरचं समुद्राला. तितनं हिच्या गवताला किती लांब?" आणि माझ्याकडे वळून, "तीन टब. तुजंच हाय."

चहा आला. मी सांगितलं की मला पोहता येतं, की मी पाण्याखाली गेले होते, गवतात, पाठीवर उलटी होऊन. त्यांनी कप खाली ठेवला.

"मग सांग. खालनं वर बघितलं तर कसं दिसतं?"

मला सांगता आलं असतं. मी ते सगळं बघून ठेवलंय, त्यांच्यासाठीच. पण मी मान हलवली.

"सांगनार नाय, काका."

"का गं?"

आमच्याकडे पाच वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराला घरचं एक माणूस आठवडाभर बेटावर आणता येतं. माझी तीन झालीत. आईला विचारलं तर ती म्हणाली, मी इमानात बसनार नाय, काकांना ने. तसं मी काकांना सांगितलं.

ते हायवेकडे वळले. एक ट्रक गेला, एक एसटी गेली.

"ट्यूब आनू का?" त्यांनी विचारलं.

"नको. ट्यूबनं मानूस वरच ऱ्हातो. माजा हात धरायचा."

त्यांनी उठून गॉगल लावला आणि कुणाच्या तरी गेटचं काम पुढे चालू केलं. पण मी निघताना काकू दारात हळूच म्हणाल्या, "आंघोळीला बसले की आता बादलीत तोंड बुडवून श्वास धरतात गं. मी काय नाय बोलत."

काका, दोन वर्षं राहिली. तेवढ्यात बादलीत सराव करा. ओहोटी संपून भरती लागते तेव्हा पाणी सगळ्यात निवळ असतं, त्या वेळी मी तुम्हाला पूर्वेच्या गवतात घेऊन जाईन, कमरेच्या पुढे. तुमचा हात सोडणार नाही. खाली गेल्यावर तुम्ही पाठीवर व्हायचं आणि वर बघायचं. डब्याशिवाय.